एका बाजूने चालणारा फोन

"लाव फोन," आई म्हणाली. "आता तुझाच नंबर उरलाय."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, एक गुडघा ओट्यावर टेकवून उभा होतो. आमच्या कराडच्या घरात माझ्या फोनला तेवढीच जागा पसंत होती. बाकीच्यांचे फोन सगळ्या घरात चालायचे. माझा फोन तत्त्वाचा होता.

"लावतो," मी म्हणालो, "पण आधी काय बोलायचं ते..."

"काय बोलायचं म्हणजे, सरळ विचार की..."

"सरळ नको हं आई," गौतमी म्हणाली, "तो आणखी चिडेल. आधी मामीची चौकशी..."

"नवरीने या भानगडीत पडू नये," बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "मी काय म्हणतो, प्रल्हादरावांना..."

ते काय म्हणतात हे कुणालाच कळलं नाही. आमच्या घरात वाक्य पूर्ण करणं उर्मटपणाचं समजलं जातं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यातून उचलून आपण पुढे न्यायचं, यात आपुलकी असते. मी पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये मॅनेजरची बरीचशी वाक्यं मी आपुलकीने पूर्ण केली होती. नंतर मला वेगळं बोलावून घेतलं गेलं.

मामाला फोन लावण्याच्या या गोष्टीला आता सात-आठ वर्षं झाली. माझी धाकटी बहीण गौतमी हिचं लग्न येत्या रविवारी होतं, आणि आईचा एकुलता एक भाऊ, आमचा प्रल्हादमामा, तिकडे विट्याला रुसून बसला होता.

मामा रुसला याला कारण होतं. लग्नाची पहिली पत्रिका कुलदैवताला आणि दुसरी मुलीच्या मामाला, तीही घरी जाऊन, अक्षता देऊन, ही आमच्याकडची रीत. आईला रीत पाठ होती. पण पत्रिका छापून यायच्या आधी तिची पीडीएफ आली, आणि आईने त्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर एकच संदेश एकदम सगळ्यांना कसा पाठवायचा हे नव्याने शिकून घेतलं होतं. तिने तो प्रयोग केला. "स्नेहीजनहो" अशी सुरुवात असलेला तो संदेश आमच्या गॅसवाल्याला, दातांच्या डॉक्टरांना, फॉल-बिडिंगवाल्या बाईंना आणि सख्ख्या भावाला एकाच क्षणी मिळाला.

मामाने उत्तर दिलं, "अभिनंदन. कळवल्याबद्दल आभारी आहे." मग तो घरच्या ग्रुपमधून बाहेर पडला. मग त्याने आईचा नंबरच ब्लॉक केला, बाबांचा केला, गौतमीचा केला, मावशीचा केला. मामा शाळेत चित्रकलेचा शिक्षक होता. एकदा रंगवायला घेतलं की कोपरे सोडायचा नाही.

बाबा मध्ये एकदा गाडी घेऊन विट्याला जाऊन आले होते. शैलामामी दारात आली आणि "हे घरी नाहीत" म्हणाली. दाराशी मामाच्या चपला होत्या. आतून खाकरल्याचा आवाजही आला. बाबांनी चहा घेतला, चपलांकडे बघून नमस्कार केला आणि परत आले.

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण गौतमीने आदल्या दिवशी शांतपणे सांगितलं होतं, "गुरुजी माईकवर म्हणणार, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. मामा नसेल तर मी खोलीतून बाहेर येणार नाही. दुसऱ्या कुणाचा हात धरून मी येणार नाही." गौतमी लहानपणापासून कमी बोलायची. म्हणजे आमच्या मानाने. त्यामुळे ती बोलली की ते व्हायचं.

आणि उरला होता तो फक्त माझा नंबर. मामाने मला ब्लॉक केलं नव्हतं, कारण मी कुठल्याच ग्रुपमध्ये नव्हतो. माझ्या फोनवर व्हॉट्सॲप चालतच नव्हतं.

फोनबद्दल सांगायला हवं. तो लिनक्सवर चालणारा फोन होता. जगभरातली काही हौशी माणसं आपापल्या घरी बसून त्याची प्रणाली लिहायची, आणि आपापल्या घरी बसून त्यात काय बिघडलंय ते एकमेकांना कळवायची. त्यात माझ्यावर पाळत ठेवणारी कुठलीही कंपनी नव्हती. पाळत ठेवण्यासारखं माझ्या आयुष्यात काय होतं, असं बाबा विचारायचे. मी म्हणायचो, प्रश्न तत्त्वाचा आहे. ते म्हणायचे, मग टॉर्च लाव. टॉर्च लावायला काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप करावी लागायची, आणि ती टाइप करायला उजेड लागायचा.

दुपारपर्यंत बॅटरी संपायची. फोटो काढला तर तो निघेपर्यंत माणसं उठून जेवायला गेलेली असायची. फोन झोपला की त्याला जागं व्हायला वेळ लागायचा, त्यामुळे रिंग वाजायला लागेपर्यंत पलीकडच्याने नाद सोडलेला असायचा. पुण्यात माझे मित्र मला काही सांगायचं असलं की खोलीवर यायचे. इतकी माणसं माझ्याकडे आधी कधीच येत नव्हती. मी त्या फोनवर खूश होतो.

"वाजतोय," मी म्हणालो. घरातले सगळे ओट्याभोवती जमले.

मामाने उचलला. "हॅलो? कोण, यदू का?"

"मामा, मी यदू."

"हॅलो?"

"मामा, येतोय का आवाज?"

"हॅलो. हॅलो, हॅलो." मग थोडं थांबून, "बरं."

आदल्या रात्री मी फोन अपडेट केला होता. जर्मनीतल्या कुणीतरी कॉलमधली खरखर काढली होती. खरखरीबरोबर माझा आवाजही काढला होता. मामाचं बोलणं मला स्वच्छ ऐकू येत होतं, माझं त्याला अजिबात जात नव्हतं.

"मामा, अरे मी ओरडतोय," मी ओरडलो.

"हं," मामा म्हणाला. मग त्याने एक दीर्घ श्वास घेतला.

हा श्वास महत्त्वाचा. आमच्या सगळ्या खानदानात मामा एकटाच असा की बोलायच्या आधी श्वास घ्यायचा. तेवढ्या श्वासात त्याची पाळी निघून जायची. सणावाराला तो पंगतीत बसून दिवसभर श्वास घ्यायचा आणि संध्याकाळी काहीही न बोलता विट्याला परत जायचा. आज मात्र त्याचा श्वास संपला तेव्हा रस्ता मोकळा होता.

"यदू, मला तुम्ही सगळ्यांबरोबर एका गठ्ठ्यात निरोप पाठवलात," तो म्हणाला. "त्या गॅसवाल्याने मला फोन करून विचारलं, मास्तर, तुम्हालापण आलं का बोलावणं."

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"गॅसवाला," मी म्हणालो.

"गॅसवाल्याचं काय आता मध्येच?"

"पण ते जाऊ दे," मामा पलीकडे म्हणत होता. "ते निमित्त झालं. खरं मला राग आलाय तो साखरपुड्याचा. त्या दिवशी मला काहीतरी सांगायचं होतं. दोन मिनिटांचं होतं. मी उठून उभा राहिलो. तुला माहितीये तुझी आई काय म्हणाली? म्हणाली, प्रल्हाद, बस, फोटोत येतोयस."

हे मात्र खरं होतं. तो फोटो आमच्याकडे होता. त्यात एका बाजूला मामाचं अर्धं पोट अजूनही होतं.

"आणि सांगायचं काय होतं, तर तुझ्या आईच्या लग्नात मी..."

फोन बंद पडला. बॅटरी.

मी ओट्यावरून उतरलो. चार चेहरे माझ्याकडे बघत होते, त्यातला एक कामवाल्या सुमनताईंचा होता.

"काय म्हणाला?"

मी सगळं सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं, उरलेलं त्यांनी आपापसात पूर्ण केलं.

"माझ्या लग्नात?" आई म्हणाली. "माझ्या लग्नात तो काय करणार? शाळेत होता तो."

"त्याला मेसेज टाकतो," मी म्हणालो, "की माझा आवाज जात नव्हता, आता बाबांच्या फोनवर..."

"बाबांना ब्लॉक केलंय त्याने," गौतमी म्हणाली. "आणि कशाला सांगतोस? दोन आठवड्यांत तो आपल्याशी एक अक्षर बोलला नव्हता. आज बोलला. का बोलला?"

"कारण मी..."

"कारण तुझा आवाज जात नव्हता. राहू दे तसाच."

आईला हे पटलं नाही. तिला मामाला उत्तर द्यायचं होतं. कशाला उत्तर द्यायचंय ते तिला अजून माहीत नव्हतं, पण ते तयार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या हौशी मंडळींच्या चर्चेच्या पानावर विचारलं. फिनलंडच्या एका गृहस्थांनी लगेच उत्तर दिलं. म्हणाले, तुला ऐकू तरी येतंय, अभिनंदन, माझं दोन्ही बाजूंनी बंद आहे. पण त्यांनी एक ओळ दिली. ती ओळ काळ्या पडद्यावर लिहून एंटर दाबलं की आवाजाची यंत्रणा पुन्हा सुरू होणार होती.

मग घरात तडजोड झाली. मी ती ओळ टाइप करून ठेवायची, एंटर दाबायचं नाही. मामाचा फोन येईल, तो बोलेल. आई खूण करेल, त्या क्षणी मी दाबायचं, आणि आई बोलेल. फोन झोपू नये म्हणून मी आणखी एक आज्ञा देऊन ठेवली. बाबांनी तो इन्व्हर्टरच्या बोर्डाला जोडला. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते, आणि माझ्या फोनसंदर्भात आपल्या हुद्द्याचा काही उपयोग होईल असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

मामा फोन करेल याची खात्री कुणालाच नव्हती. मध्यान्ह उलटून गेली. आईने पापड तळले, कुणी खाल्ले नाहीत. गौतमी खिडकीकडे पाठ करून मेंदीच्या नक्ष्या बघत असल्यासारखं करत होती. तिने अर्धा तास तेच पान उघडून ठेवलं होतं.

दुपारच्या चहाच्या सुमाराला फोन वाजला, आणि चक्क वेळेवर वाजला. मी स्पीकर लावला.

"हॅलो, यदू?" मामा म्हणाला. "हॅलो. हॅलो." थोडं थांबला. "छान."

त्याने श्वास घेतला.

"काल मध्येच तुटलं. तर तुझ्या आईचं लग्न. तेव्हा आबामामा रुसला होता, ताईचा मामा."

"रुसला कुठे," आई फोनला म्हणाली, "त्याचं पोट..."

"फेट्यावरून रुसला. त्याला गुलाबी फेटा दिला आणि मुलाच्या मामाला केशरी."

"केशरी नव्हता," बाबा म्हणाले, "माझ्या मामाचा फेटा..."

"जाऊन एसटी स्टँडवर बसला. कुणालाच माहीत नाही. गुरुजी माईकवर म्हणाले, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कोण येणार?"

"अहो, पण ते नंतर आले जेवायला," बाबा म्हणाले, "मला चांगलं..."

"आलाच होता," आई म्हणाली, "मी स्वतः जिलबी..."

आई-बाबा दोघंही मामाशी जोरजोरात बोलत होते. सवयच ती. मामा त्यांच्यामधून शांतपणे पुढे जात होता, रस्त्यात दोन म्हशी असताना सायकलवाला बाजूने निघून जावा तसा. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की त्याला थांबवता येत नाहीये. आधी बाबा थांबले.

"गुरुजी परत म्हणाले," मामा सांगत होता. "बाहेर कुजबुज सुरू झाली. खोलीत मी आणि ताई दोघंच. बाकीचे आबामामाला शोधायला गेलेले. ती माझ्याकडे बघत होती. रडत नव्हती रे. नुसती बघत होती."

आईने हात वर केला. मी एंटरवर बोट नेलं.

तिने झडप घालून माझं बोट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "त्याचं होऊ दे."

हे वाक्य आमच्या घरात त्याआधी कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. बाबांनी तिच्याकडे, मग पंख्याकडे बघितलं.

"मी सातवीत होतो," मामा म्हणाला. "अंगात शाळेचीच खाकी चड्डी, कारण लग्नासाठी शिवलेली टाचायची राहिली होती. ताई म्हणाली, प्रल्हाद, चल. एवढंच म्हणाली. मी तिचा हात धरला आणि बाहेर आलो. सगळा मांडव आमच्याकडे बघत होता, मला वाटलं, माझ्या चड्डीकडे बघतायत. तिचा हात इतका गार होता. माझ्या हाताला घाम, तिचा हात गार. अंतरपाटापर्यंत नेलं मी तिला. मामाच्या जागी मीच उभा राहिलो. आबामामाची जागा मोठी होती, मी त्यात जरा सैल पडलो असेन, पण हललो नाही."

"मी अंतरपाटाच्या पलीकडे होतो," बाबा हळू आवाजात गौतमीला म्हणाले. "मला काही दिसलं नाही." हे ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, कळलं नाही.

"तेव्हाच ठरवलं होतं," मामा म्हणाला, "हिला मुलगी झाली तर तिच्या लग्नात मी कुणावरही रुसलेला असेन, कसाही असेन, पण तिथे असेन. साखरपुड्यात एवढंच सांगायचं होतं मला. आणि आता बघ, मीच रुसून बसलोय. मी रविवारी येणारच आहे रे. न येऊन कसं चालेल? पण येऊ कसा? सगळ्या विट्याला माहितीये मी रुसलोय म्हणून. आपलं आपण उठून गेलो तर लोक काय म्हणतील, याला काही रुसवाच नाही. कुणीतरी काढायला यायला नको का? भाऊजी आले. भाऊजींनी माझं काय केलंय? रुसलोय ताईवर. भाऊजींसमोर कशाला रुसवा सोडू?"

तो थांबला. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"झालं," मामा म्हणाला. "एवढंच होतं."

आईने माझं बोट अजून धरून ठेवलं होतं. तिने ते सोडलं आणि पदराने नाक पुसलं.

"दाबू?" मी विचारलं.

"दाब."

मी दाबलं. आवाजाची यंत्रणा पुन्हा सुरू झाली, त्यात कॉल कापला गेला, आणि कॉल कापला गेला याचा धक्का बसून फोन स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला.

"गाडी काढा," आई बाबांना म्हणाली.

"आत्ता? दुपारचं ऊन..."

आई उठली होती. तिने ताट घेतलं, त्यात नारळ ठेवला, अक्षता ठेवल्या, छापील पत्रिका ठेवली आणि तिला हळदीकुंकू लावलं. कराड ते विटा सगळा रस्ता ती ताट मांडीवर घेऊन बसली. गौतमीही आमच्याबरोबर आली होती. रस्त्याने कुणी बोललं नाही, त्यामुळे बाबांना गाडी चालवायला फार अवघड गेलं.

शैलामामीने दार उघडलं. "अगंबाई, वन्सं," ती म्हणाली, आणि आत तोंड वळवून, "अहो, वन्सं आल्यात."

"सांग, घरी..." आतून मामा म्हणाला. मग बनियनवर शर्ट चढवत बाहेर आला. त्याची बटणं एक घर चुकली होती.

"प्रल्हाद," आई म्हणाली. "अक्षता द्यायला आलेय."

मामाने ताटाकडे बघितलं. श्वास घेतला. "ताई, हे बघ, माझं म्हणणं असं आहे की..."

आणि थांबला. आयुष्यभराच्या सवयीने त्याने तिथे आईसाठी जागा सोडली. आई त्या जागेत आली नाही. जागा तशीच राहिली.

"म्हणजे मला असं म्हणायचंय की..." मामा म्हणाला, आणि पुन्हा थांबला.

आई त्याच्याकडे बघत उभी होती. मामा घाबरला.

"यदू," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "हिला बरं नाहीये का?"

"बरी आहे."

"मग बोलत का नाही?"

"ऐकतेय."

मामाने माझ्या खिशाकडे बघितलं. "तुझा फोन दुरुस्त झाला?"

"हो, आत्ताच."

"अरेरे," मामा म्हणाला.

"म्हणजे तुला माहीत होतं?" गौतमीने विचारलं.

"त्यात काय कळायचं. मी हॅलो हॅलो म्हणतोय, पलीकडे चिडीचूप. आमच्या नात्यात पलीकडे चिडीचूप? पहिल्या दिवशीच लक्षात आलं. म्हटलं, असा फोन परत मिळायचा नाही, बोलून घ्यावं. निदान यदू ऐकेल, नाही ऐकलं तर भिंत ऐकेल."

"आम्ही सगळेच ऐकत होतो," बाबा म्हणाले.

मामाचा चेहरा बदलला. "भाऊजी, तुम्हीपण?"

"पहिल्यापासून."

"चड्डीचंपण?"

"तेही."

मामाने शर्टाची बटणं सोडून पुन्हा लावली. ती पुन्हा एक घर चुकली. आई पुढे झाली, ताट गौतमीच्या हातात दिलं आणि त्याची बटणं नीट लावून दिली. मग ताट परत घेऊन त्याच्या पुढे धरलं.

"रविवारी मुहूर्त अकरा वाजून..."

"वाचलाय मी मुहूर्त," मामा म्हणाला. "सकाळी सातलाच येतोय. आणि खोलीच्या दाराशी मी असणार, मी सांगेपर्यंत हिला कुणी हलवायचं नाही. हिच्या मावशीला सांगून ठेव, तिला लुडबुड करायची फार सवय आहे. आणि मला फेटा कुठलाही चालेल."

आईचं तोंड उघडंच राहिलं होतं. तिच्या धाकट्या भावाने तिचं वाक्य मध्येच तोडलं होतं. तिने नारळ त्याच्या हातात दिला, सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "शैला, चहा टाक गं. हा आता बराच वेळ बोलणार."

ती दोघं दिवेलागणीपर्यंत बोलत होती, एकाच वेळी. कोण कुणाचं ऐकत होतं हे सांगता येणार नाही. गौतमी मामाच्या शेजारी खुर्चीच्या हातावर बसली होती आणि त्याच्या ताटलीतली बिस्किटं खात होती.

रविवारी कार्यालय भरलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं, माईक हातात घेतला आणि म्हणाले, "मुलीच्या मामांनी..."

मामा तोवर गौतमीचा हात धरून अंतरपाटापाशी येऊन उभा होता.